घरी सर्फबोर्ड घडवताना: थर्मोकोल, एपॉक्सी आणि कोकणची हवा

मालवणजवळ राहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याचे वजन ७२ किलो आहे, दोन हंगाम भाड्याच्या मऊ बोर्डवर तो लाटेवर उभे राहायला शिकला आहे आणि आता त्याला स्वतःचा बोर्ड घरीच तयार करायचा आहे. थर्मोकोलचा ठोकळा त्याला मिळू शकतो आणि गावात फायबरच्या होड्या बांधणारा एक ओळखीचा कारागीर आहे. थर्मोकोलला आकार देऊन त्यावर त्या कारागिराकडून होडीसारखेच फायबर चढवून घेतले तर चालेल का, आणि आकार नेमका कसा द्यावा, असे त्याने विचारले आहे. मी ऑस्ट्रेलियात नोकरीनिमित्त असताना बोर्ड दुरुस्त करायला आणि मग घडवायला शिकलो, आणि गेली काही वर्षे तेच काम गोव्याच्या किनाऱ्यावर करतो. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

प्रश्नाच्या पहिल्या, म्हणजे फायबरच्या, भागाचे उत्तर आधी दिले पाहिजे, कारण तिथे चूक झाली तर महिनाभराचे काम काही मिनिटांत वाया जाते. होडीसाठी वापरले जाणारे पॉलिस्टर रेझिन थर्मोकोलवर लावता येत नाही. हे रेझिन स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळवलेले असते, आणि थर्मोकोल म्हणजे त्याच स्टायरीनपासून बनलेले, फुगवलेले पॉलिस्टायरीन. द्रवरूप स्टायरीन थर्मोकोलला विरघळवते. रेझिन ओतल्याबरोबर पृष्ठभाग खचू लागतो, खड्डे पडतात आणि खाली चिकट लगदा उरतो. शंका असेल तर ठोकळ्याच्या एखाद्या तुकड्यावर चमचाभर पॉलिस्टर रेझिन टाकून पाहावे. एवढ्या स्वस्तात हा धडा दुसरीकडे मिळणार नाही. थर्मोकोलवर एपॉक्सी रेझिनच वापरावे लागते, कारण त्यात स्टायरीन नसते.

ही अडचण आजची नाही. कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड कारागीर बॉब सिमन्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिस्टायरीनचा हलका गाभा वापरून बोर्ड बनवले, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. त्यांनी गाभ्याच्या वर आणि खाली प्लायवुड आणि कडांना बाल्सा लाकूड लावून फोमला रेझिनपासून दूर ठेवले. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्याच हॉबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क या बोर्ड बनवणाऱ्यांनी पॉलियुरेथेन फोमचा मार्ग रूढ केला. हा फोम पॉलिस्टर रेझिनला दाद देत नाही, त्यामुळे पुढची जवळजवळ पन्नास वर्षे जगभर पॉलियुरेथेन आणि पॉलिस्टर ही जोडीच प्रमाण मानली गेली. डिसेंबर २००५ मध्ये क्लार्क यांनी आपला ठोकळ्यांचा कारखाना अचानक बंद केला, आणि त्यानंतर अनेक कार्यशाळा थर्मोकोल आणि एपॉक्सी या जोडीकडे गांभीर्याने वळल्या. आपल्याकडे पॉलियुरेथेनचा तयार ठोकळा बाहेरून मागवावा लागतो, आणि हलक्या पण आकाराने मोठ्या वस्तूचा वाहतूकखर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून कोकणात राहणाऱ्या माणसाला मी निःसंकोचपणे थर्मोकोल आणि एपॉक्सीच सुचवतो.

तुमच्या ओळखीच्या कारागिराची मदत मात्र अवश्य घ्या. कापड कसे अंथरावे, त्यातील हवा कशी काढावी, वळणावर कापड कुठे चिरावे, हे त्याच्या हातात आहे आणि ते वाचून येत नाही. दोन गोष्टी मात्र त्याला आधी समजावून सांगाव्या लागतील. पहिली गोष्ट म्हणजे होडीत वापरली जाणारी फायबरची मॅट इथे नको. त्या मॅटमधील तुटक तंतू ज्या पदार्थाने एकमेकांना चिकटवलेले असतात, तो पदार्थ विरघळण्यासाठी स्टायरीन लागते. एपॉक्सीत तो नीट विरघळत नाही, मॅट ताठ राहते आणि शिवाय रेझिन फार पिते. आपल्याला विणलेले फायबर कापड हवे, साधारण २०० जीएसएमचे (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे), एपॉक्सीशी जुळणारे. दुसरी गोष्ट हार्डनरची, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या द्रव्याची. पॉलिस्टरमध्ये हार्डनर एक-दोन टक्के असतो आणि हवेप्रमाणे तो कमीजास्त करून कारागीर रेझिन लवकर किंवा उशिरा बसवतो. एपॉक्सीत असे करता येत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणातच जोडले जातात, आणि हार्डनर जास्त पडला तर काम लवकर होण्याऐवजी थर कायमचा मऊ किंवा चिकट राहतो. डब्यावर वजनाने जे प्रमाण दिले असेल ते वजनकाट्यावर मोजूनच घ्यावे. वीस वर्षे होड्या बांधलेल्या माणसाला हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगावेच लागते.

आता बोर्डच्या मापांकडे वळू. पावसाळा सोडला तर आपल्या किनाऱ्यावरच्या लाटा बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या आणि मऊ असतात. पावसाळ्यातला समुद्र शिकाऊ माणसासाठी नाहीच. अशा लाटेत बोर्डने स्वतः तरंगून वेग धरला पाहिजे. स्पर्धांच्या चित्रफिती पाहून सहा फुटी, अरुंद, टोकदार बोर्डची नक्कल करण्याचा मोह होतो, तो टाळावा. तुमच्या वजनाला आणि अनुभवाला मी साडेसात फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि मध्यभागी तीन इंच जाड असा, गोलसर नाकाचा बोर्ड सुचवीन. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार सुमारे १०० लिटर होतो. बोर्ड टोकांकडे निमुळता आणि कडांना पातळ होत असल्यामुळे त्यातील ५५ ते ६० टक्के आकारमान प्रत्यक्षात उरते, म्हणजे ५७ लिटरच्या आसपास. नुकतेच उभे राहू लागलेल्या माणसाला आपल्या किलोतील वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के लिटर पुरतात, असा माझा अंदाज असतो आणि तो सहसा चुकत नाही. नाकापासून एक फुटावर रुंदी सतरा इंच, शेपटापासून एक फुटावर साडेपंधरा इंच आणि सर्वांत रुंद भाग मध्याच्या दोन-तीन इंच पुढे ठेवावा. त्याच दोन ठिकाणी जाडी दोन-दोन इंचांवर आणावी.

बाजूने पाहिले असता बोर्डचा जो बाक दिसतो त्याला रॉकर म्हणतात, आणि मला विचाराल तर बोर्डचा स्वभाव सर्वांत जास्त तोच ठरवतो. बोर्डचा तळ सपाट जमिनीवर टेकला असता नाक सुमारे साडेचार इंच आणि शेपूट सव्वादोन इंच वर असावे. नाकाचा बाक कमी पडला तर लाट सुरू होताना नाक पाण्यात घुसते; एकूण बाक फार झाला तर बोर्ड पाणी ढकलत राहतो आणि मऊ लाटेत मागे पडतो. मधला चार फुटांचा भाग जवळजवळ सपाट आणि टोकांकडे बाक हळूहळू वाढत जाणारा असा वक्र आपल्या लाटांना मानवतो.

ठोकळा घेताना घनता विचारून घ्या. गणपतीच्या मखरासाठी पूर्वी सर्रास मिळणारे पातळ ताव फार हलके असतात. त्यांचे दाणे हाताने सुटतात आणि बोर्डवर टाच टेकली की खड्डा पडतो. शीतगृहांच्या भिंतींसाठी जो थर्मोकोल बनतो, त्यात घनमीटरला २४ ते ३० किलो घनतेचा ठोकळा मागावा. विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहायचे नसेल तर दहा सेंटिमीटरचा घन कापून काट्यावर ठेवावा. त्याचे वजन जितके ग्रॅम भरेल, घनमीटरला तितकेच किलो अशी त्याची घनता असते. दुसरी परीक्षा तुकडा मोडून करावी. मोडलेल्या जागी दाणे अर्धे फाटलेले दिसले तर ठोकळा नीट जुळलेला आहे, आणि दाणे अखंड राहून एकमेकांपासून सुटले असतील तर तो परत करावा, कारण अशा ठोकळ्यात पाणी दाण्यांमधल्या फटींतून वाट काढत जाते. ठोकळा पावणेआठ फूट लांब, दोन फूट रुंद आणि किमान सहा-सात इंच उंच लागेल. एक फूट उंचीचा मिळाला तर त्यातून एकात एक बसणारे दोन बोर्ड निघतात.

बाक कापण्यासाठी तापलेली नायक्रोमची तार वापरतात. बाजूच्या आकाराचे, म्हणजे तळाचा बाक आणि वरची जाडी दाखवणारे, दोन सारखे साचे पातळ प्लायमधून कापून ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना पक्के बसवावेत, आणि दोन माणसांनी तार दोन्ही साच्यांवरून एकाच गतीने ओढावी. दोघांनी मोठ्याने आकडे म्हणत चालणे हा यावरचा जुना उपाय आहे. साच्यांवर सारख्या अंतराने आकडे लिहून ठेवले की कोण पुढे गेले ते लगेच कळते. तार लाल होण्याइतकी तापवू नये, फोममधून ती आपल्या वजनाने सरकेल इतकीच तापवावी. वीज १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून घ्यावी. घरातील प्लगला तार थेट जोडणे जिवावर बेतू शकते. जळणाऱ्या फोमचा धूर विषारी असतो, म्हणून हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

यानंतर ठोकळा लांबीत मधोमध कापून त्यात चार मिलिमीटर प्लायची पट्टी, म्हणजे बोर्डचा कणा, चिकटवावा. कणा बोर्डला मोडण्यापासून वाचवतो, शिवाय पुढच्या प्रत्येक मापासाठी मध्यरेषा देतो. प्लायचा ताव आठ फुटांचा असतो, त्यामुळे साडेसात फुटांचा कणा सांधा न करता निघतो. ही लांबी सुचवण्यामागे हेही एक कारण आहे. चिकटवण्यासाठी एपॉक्सीत मायक्रोबलून नावाची काचेची हलकी पूड कालवून पातळ थर द्यावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधाव्यात. दोन्ही अर्धे ज्या टेबलावर ठेवाल ते सपाट असल्याची खात्री करा, नाहीतर पीळ इथेच शिरतो.

वरून दिसणारी बाह्यरेषा आखण्यासाठी अर्ध्या बोर्डचा एकच साचा करावा, आणि तोच मध्यरेषेवर उलटवून दुसरी बाजू आखावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. साचा करताना वर सांगितलेले बिंदू मांडून त्यांवर एक लवचीक लाकडी पट्टी वाकवावी. बिंदूंमधून ती जशी सहज वाकेल तीच रेषा घ्यावी, आणि एखाद्या बिंदूपाशी रेषा सहज वळत नसेल तर तो बिंदू सोडावा. बाह्यरेषा करवतीने पेन्सिलीच्या पाव इंच बाहेरून कापून मग रंध्याने आणि लांब लाकडी ठोकळ्यावर लावलेल्या पॉलिश पेपरने रेषेपर्यंत यावे. कड या टप्प्यावर काटेकोर नव्वद अंशांत हवी. गुण्या लावून पाहावे, कारण कड तिरपी राहिली तर तळाची बाह्यरेषा आणि वरची बाह्यरेषा वेगळ्या होतात आणि नंतर कडा गोल करताना ती चूक सापडत नाही.

आता मी ज्याला सर्वांत जास्त महत्त्व देतो त्या गोष्टीविषयी सविस्तर लिहितो, ती म्हणजे प्रकाश. पांढऱ्या फोमवर डोक्यावरून प्रकाश पडला की सगळे उंचसखल पुसले जाते आणि बोर्ड निर्दोष वाटतो. सर्फबोर्डच्या कार्यशाळेत भिंती गडद निळ्या किंवा हिरव्या रंगवतात आणि ट्यूबलाइट दोन्ही बाजूंना, बोर्डच्या उंचीच्या किंचित वर, आडव्या लावतात. कडेने सरपटत येणाऱ्या त्या प्रकाशात अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही सावली टाकतो. घरी हे साधणे अवघड नाही. रात्री पडवीत, बाकी सगळे दिवे मालवून, दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर एकेक ट्यूबलाइट बांधावी आणि मागे गडद चादरी टांगाव्यात. मी माझा पहिला बोर्ड भर दुपारी अंगणात घडवला होता. तो मला सुरेख वाटला, आणि संध्याकाळी उन्हे तिरपी झाल्यावर एका कडेला हाताच्या पंजाएवढी बुडी दिसली. तोपर्यंत त्यावर कापड चढले होते, त्यामुळे ती बुडी त्या बोर्डमध्ये कायमची राहिली.

पीळ तपासण्यासाठी सुतार चौकटीला लावतात तीच युक्ती वापरावी. दोन सरळ, सारख्या पट्ट्या तळावर एक नाकाकडे आणि एक शेपटाकडे आडव्या ठेवून मागून डोळा लावावा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. तळ आधी पूर्ण करावा, मग वरची बाजू, आणि कडा सर्वांत शेवटी. तळ पहिल्या बोर्डला साधा सपाट ठेवावा, शेवटच्या दीड फुटात मध्यरेषेपासून दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटरचा उतार दिला तरी पुरे. खोलगट तळाचे जे अनेक प्रकार आहेत ते वेगवान, भरीव लाटांसाठी आहेत आणि ते दोन्ही बाजूंना सारखे कोरणे नवख्या हाताला जमत नाही.

कडा घडवणे हे मात्र आकार देण्याच्या कामाचे हृदय आहे. त्यांना नजरेने थेट गोल करू लागलात तर दोन बाजू कधीच सारख्या होणार नाहीत. त्याऐवजी वरच्या पृष्ठावर कडेपासून पाच सेंटिमीटर आणि दहा सेंटिमीटर आत, कडेला समांतर, दोन रेषा आखाव्यात. टोकांकडे त्या थोड्या जवळ आणाव्यात. उभ्या कडेवरही, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, एक रेषा आखावी. आता आतली रेषा आणि कडेचा वरचा भाग यांच्यामध्ये एक सलग तिरपा पट्टा कापावा, मग बाहेरची रेषा आणि उभ्या कडेवरची रेषा यांच्यामध्ये दुसरा, जास्त उताराचा. हे सपाट पट्टे डोळ्यांना स्वच्छ दिसतात, मोजता येतात, आणि दोन्ही बाजूंचे पट्टे जुळले की त्यांच्यामधली शिरे मोडून कड आपोआप गोल होते. रंधा किंवा कानस प्रत्येक वेळी नाकापासून शेपटापर्यंत चालत न्यावी. एका जागी उभे राहून घासले की तिथे खळगा पडतो. एका बाजूला दहा फेऱ्या केल्या तर दुसऱ्या बाजूलाही मोजून दहाच कराव्यात. शेवटी डोळे मिटून दोन्ही कडांवर एकाच वेळी दोन्ही हात फिरवावेत, कारण डोळ्यांना न दिसणारा फरक तळहाताला कळतो. नाकाकडून मध्यापर्यंत कड मऊ, गोल असावी. शेपटाकडच्या शेवटच्या दीड-दोन फुटांत तळाची धार मात्र स्पष्ट ठेवावी, म्हणजे पाणी कडेला चिकटून वर न चढता तिथून सुटते आणि बोर्ड वेग धरतो.

हवाई बेटांवरील जुने कारागीर हेच काम प्रवाळाच्या तुकड्यांनी आणि खरबरीत दगडांनी घासून करत आणि वर कुकुईच्या बियांचे तेल लावत. तिथल्या सर्वांत लांब बोर्डना ओलो म्हणत आणि त्यांसाठी विलिविली नावाच्या झाडाचे अतिशय हलके लाकूड वापरत. ते झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातले, त्याच प्रजातीसमूहातले आहे. कोकणात घराच्या कुंपणाला पांगारा पाहिला की मला नेहमी त्याची आठवण होते.

आकार पूर्ण झाल्यावर माणसाला वाटते की मुख्य काम संपले, पण आपल्या हवेत बोर्ड टिकणार की नाही हे यापुढे ठरते. फोममधली चूक घासून काढता येते, रेझिनमधली काढता येत नाही. पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये. दमट हवेत एपॉक्सीच्या हार्डनरची हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी प्रक्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि त्यावर दिलेला पुढचा थर काही दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. तेव्हाही तो थर थोडाफार येतोच, म्हणून प्रत्येक वेळी घासण्यापूर्वी बोर्ड साध्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या हिरव्या स्क्रबरने धुऊन पूर्ण वाळवावा.

दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. थर्मोकोलच्या दाण्यांमध्ये हवा असते. सकाळी कापड चढवले आणि ऊन वाढत गेले की ती हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे बनून बाहेर येते. संपूर्ण पृष्ठावर सुईने टोचल्यासारखी छिद्रे पडतात आणि पुढे प्रत्येक छिद्रातून पाणी आत जाते. तापमान उतरत असताना काम केले तर हवा आकुंचन पावते आणि रेझिन आत ओढले जाते. म्हणून बोर्ड आणि रेझिन दुपारभर सावलीत ठेवून सायंकाळी साडेचार-पाचला सुरुवात करावी आणि अंधार पडण्याच्या सुमारास संपवावे. रात्री उशिरापर्यंत लांबवू नये, कारण किनाऱ्यावर हिवाळ्यात दव पडते आणि तोच ओलावा पुन्हा आडवा येतो.

रेझिन लॅमिनेटिंगचे, पातळ आणि हळू बसणारे घ्यावे; चिकटवण्यासाठी मिळणारे जाड एपॉक्सी कापडात झिरपत नाही. या बोर्डला सगळे मिळून पावणेदोन-दोन किलो रेझिन लागते, पण तीन किलो घरात असावे. एका वेळी तीनशे-साडेतीनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये आणि कालवलेले लगेच बोर्डवर ओतून पसरावे. खोल भांड्यात राहिलेले एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते आणि काही मिनिटांत धूर सोडून घट्ट होते.

सुरुवातीला मायक्रोबलून घातलेल्या एपॉक्सीचा अगदी पातळ हात देऊन दाण्यांमधली भोके बुजवावीत, वाळल्यावर हलके घासावे. मग तळ वर करून त्यावर कापडाचा एक थर अंथरावा आणि कडेखाली पाच-सहा सेंटिमीटर लोंबेल इतका ठेवून बाकीचा कापावा. नाकाशी आणि शेपटाशी जिथे कापड जमा होते तिथे कात्रीने लहान चिरा द्याव्यात. रेझिन मध्यरेषेवर ओतून रबरी पातीने कडांकडे न्यावे, पाच मिनिटे कापडाला भिजू द्यावे आणि मग जास्तीचे रेझिन ओढून काढावे. ओले कापड पारदर्शक दिसले पाहिजे आणि त्याची वीण हाताला जाणवली पाहिजे; पृष्ठ चकचकीत दिसत असेल तर रेझिन जास्त आहे, आणि जास्तीचे रेझिन वजन वाढवते, बळ वाढवत नाही. लोंबणारी कड खाली वळवून चिकटवावी. दुसऱ्या दिवशी बोर्ड उलटवून, वळवलेल्या कडेची धार घासून, वरच्या बाजूवर दोन थर एकाच वेळी चढवावेत, कारण गुडघे आणि टाचा याच बाजूवर टेकतात. प्रत्येक बाजूला वीण बुजवणारा शेवटचा हात सव्वादोनशे ग्रॅमचा द्यावा, आणि तो खालचा थर पूर्ण कडक होण्याआधी, नखाला किंचित मऊ लागत असताना दिला तर दोन्ही थर रासायनिकरीत्या जोडले जातात. असा बोर्ड साडेचार ते पाच किलोच्या आसपास भरतो.

बोर्डच्या तळाला, शेपटाकडे उभे बसवतात त्या पंखांपैकी पहिल्या बोर्डला मी एकच मधला पंख सुचवतो. ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसन यांनी १९८१ मध्ये तीन सारख्या पंखांच्या बोर्डवर ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली आणि जगभर तीच रचना रूढ झाली, हे खरे. पण बाजूच्या पंखांचे कोन दोन्हीकडे अचूक बसवावे लागतात, आणि ते चुकले तर बोर्ड सरळही नीट जात नाही. एक पंख मध्यरेषेवर सरळ उभा बसवला की झाले. नऊ मिलिमीटर मरीन प्लायचा, सात-आठ इंच उंचीचा पंख पुढची कड गोल आणि मागची पातळ घासून करावा. त्याच्या मुळाची मागची बाजू शेपटापासून पाच-सहा इंचांवर आणावी आणि मुळाशी दोन्हीकडे कापडाचे तीन-चार थर बोर्डवर पसरतील असे लावावेत. बोर्ड पायाला बांधून ठेवणाऱ्या दोरीसाठी वरच्या बाजूला, शेपटाजवळ, फायबरच्या धाग्यांची छोटी कमान बसवावी.

एपॉक्सी ओले असताना त्वचेला लागू देऊ नका. त्याची ॲलर्जी हळूहळू जमत जाते आणि एकदा उठली की आयुष्यभर राहते; माझ्यासोबत काम शिकलेल्या एकाला त्यामुळे हे काम कायमचे सोडावे लागले. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, हात थिनरने पुसू नयेत, आणि फायबर घासताना एन-९५ मास्क व चष्मा वापरावा. घासणी ८० नंबरपासून सुरू करून १२० आणि २२० पर्यंत न्यावी. कापडाची वीण दिसू लागली की तिथेच थांबावे. फोमचे दाणे आणि चुरा ओल्या फडक्याने रोज गोळा करून पिशवीत बांधावा. वाऱ्यावर गेलेला दाणा शेवटी समुद्रातच जातो आणि मासे तो खातात.

शेवटच्या थरानंतर सात दिवस बोर्ड सावलीत पडू द्यावा आणि मगच पाण्यात न्यावा. रंग द्यायचा असेल तर पांढराच ठेवावा, कारण गडद बोर्ड उन्हात तापतो, आतली हवा फुगते आणि कापड फोमपासून सुटते. बंद गाडीत ठेवल्यानेही तेच होते. पुढे खडकावर आपटून भेग पडली तर त्याच क्षणी पाण्याबाहेर यावे, भेग खाली करून दोन-तीन दिवस पाणी निथळू द्यावे आणि मग एपॉक्सीनेच बुजवावी. त्या वेळी घाईने कोणी होडीचे रेझिन लावून देऊ केले तर घेऊ नका, कारण भेगेतून आत गेलेले स्टायरीन वरून काही न दिसता आतला फोम पोकळ करत जाते.

ठोकळा कापण्यापूर्वी बाजूच्या साच्याचे चित्र, त्यावर दर एक फुटावरची जाडी आणि बाक लिहून मला पाठवलेत तर मी ते तपासून देईन.